शिडाच्या होडीतून विजयदुर्ग ते वेंगुर्ले : आमची वाटचाल

केवळ शिडाच्या बळावर सिंधुदुर्गाचा किनारा बंदराबंदराने पाहावा, या एका इच्छेतून पाहुण्यांना शिडाच्या होडीतून फिरवण्याचा आमचा व्यवसाय उभा राहिला. वडिलांच्या तरुणपणी इथल्या होड्या वाऱ्यावरच चालत. पुढे इंजिने आली, मासेमारीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु शिडाची विद्या म्हाताऱ्या तांडेलांपुरती, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्यांपुरती उरली. २००९ साली कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. ती नौका आमच्या शेजारी, गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली होती, या गोष्टीने आम्हांला फार बळ दिले.

मोटारबोट घेत असाल तरच कर्ज देऊ, असे एका बँकेने सांगितले. तेव्हा आंब्याच्या हंगामाचे पैसे बाजूला टाकत, मी आणि माझ्या मेहुण्याने १८ फुटी होडी बांधून घेतली. शिडासाठी बांबू निवडताना मिस्त्रीकाका प्रत्येक बांबू टोकाशी धरून वाकवत आणि हात सोडताच जो झटक्यात सरळ होत नसे तो निमूटपणे बाजूला ठेवत. त्यांच्या हाताखाली आम्ही जे शिकलो, ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नसते.

आमचे सारे वेळापत्रक वारा ठरवतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई, म्हणजे समुद्राकडे जाणारा वारा, वाहते, ऊन चढले की ती पडते, काही काळ समुद्र स्तब्ध राहतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. विजयदुर्गाहून मालवण सुमारे ३० सागरी मैल. दक्षिणेकडे जाताना हे दोन्ही वारे साथ देतात. परतीला मात्र दुपारचा वारा तोंडावर येतो, म्हणून आम्ही उजाडण्यापूर्वी निघतो आणि मतलई पडण्याच्या आत आचरा किंवा देवगडच्या खाडीत शिरतो. घाई असलेल्या पाहुण्यांना आम्ही आधीच नम्रपणे नकार देतो.

मालवणात शिरणे सर्वांत अवघड, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. पाणी कुठे फुटते आहे यावर नजर ठेवून, शीड अर्धे उतरवून, स्थानिक तांडेल सांगेल तशीच होडी न्यावी लागते. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला तो या खडकांचे मोल जाणूनच, हे तिथे मनोमन पटते. पुढे निवतीच्या कड्यांखालून वेंगुर्ल्यापर्यंतचा टप्पा मला स्वतःला सर्वाधिक प्रिय आहे. तिथे बराच वेळ किनाऱ्यावर माणूस दिसत नाही.

मे अखेरीस होडी वर ओढून झापांखाली (माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली) ठेवतो आणि ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळला की पुन्हा पाण्यात घालतो. आता थोडी मोठी, चार पाहुणे बसतील अशी दुसरी होडी बांधायला घेतली आहे. ती तयार झाली की विजयदुर्गाच्या उत्तरेला, जैतापूरच्या खाडीपर्यंत जाण्याचा आमचा विचार आहे.