मुलाखत घेणारा खेकसायला लागला तर

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी. नाशिकच्या आसपास कारखान्यातल्या नोकरीची मुलाखत असली की सुरुवात साधारण सारखीच असते. गेटवर नाव लिहा, मोबाइल जमा करा नाहीतर कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घ्या, व्हिजिटर पास घ्या आणि कॉन्फरन्स रूमबाहेरच्या खुर्चीत बसा. वेळ दहाची दिलेली, आत बोलावतात साडेबाराला. समोरचा साहेब रेझ्युमे उलटा धरून म्हणतो, "हं, बोल. काय येतं तुला?"

यावरचा सल्ला बहुधा 'शांत राहा' एवढ्यावर संपतो. शांत राहून करायचं काय, ते कुणी सांगत नाही. माझ्या मते पहिल्या पाच मिनिटांत एवढंच हुडकायचं की हा माणूस असा बोलतोय कशामुळे. कारण कळलं की पुढचं वागणं ठरवता येतं.

काही जण ठरवून दाब देतात. सेल्स, वसुली, कस्टमर क्वालिटी, प्रॉडक्शनचा शिफ्ट इन्चार्ज अशा जागांवर रोज कुणी ना कुणी अंगावर येणारच असतं, म्हणून उमेदवार किती टिकतो ते बघायचं असतं. काही जण नुसते वैतागलेले असतात. महिनाअखेरीचा डिस्पॅच अडकलाय, कस्टमरचं ऑडिट तोंडावर आलंय आणि एचआरने त्यांना लाइनवरून उठवून आणलंय. असा माणूस तुमचा रेझ्युमे तुमच्यासमोरच पहिल्यांदा वाचतो आणि दर दोन मिनिटांनी फोन घेतो. तिसरा मुळातच तसा असतो. तो एचआरच्या मुलीशी आणि चहा आणणाऱ्या पोराशीही तसाच बोलतो. चहा ठेवला जातो तेव्हा त्याच्याकडे नीट बघा, पुष्कळ कळतं.

ओळखायला एक साधा प्रतिप्रश्न पुरतो. "सर, आधीच्या कंपनीतलं इन्स्पेक्शनचं काम सांगू, की ड्रॉइंग रीडिंगपासून सुरू करू?" ठरवून दाब देणारा लगेच नेमकं काहीतरी पकडतो: "इन्स्पेक्शन सांग. रिजेक्शन किती होतं?" वैतागलेला जरा सैल होतो, "हां, आधीचं काम सांग" म्हणतो. तिसरा म्हणतो, "प्रश्न मी विचारायचे, तू नाही." एका वाक्यावरून कुणाची पारख पक्की होत नाही, म्हणून दहा मिनिटांनी आणखी एक प्रतिप्रश्न टाकून बघा. तिसरा प्रतिप्रश्न मात्र नको, मग तो आगाऊपणा वाटतो.

आता उत्तरं. खवचट प्रश्नात बहुतेक वेळा एक खरा प्रश्न दडलेला असतो. तेवढा उचलायचा आणि बाकीचं खाली पडू द्यायचं. क्वालिटीच्या जागेसाठी बसलेल्या मुलाला विचारतात, "सीपीके कमी आला तर काय करशील?" (सीपीके म्हणजे पार्टची मापं ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसतात ते सांगणारा आकडा.) तो व्याख्या सांगतो. साहेब म्हणतात, "हे पुस्तकातलं झालं. कॉलेजात काय झोपा काढल्या?" इथे कॉलेजबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. एक पार्ट उचलायचा: "सर, २५ मिलिमीटरचा बोअर, टॉलरन्स उणे-अधिक ०.०२, असं धरून सांगतो." (बोअर म्हणजे पार्टमधलं गोल भोक, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.)

मग क्रमाने. आधी मोजमाप बरोबर आहे का ते बघणार. एकूण टॉलरन्स ०.०४, त्यामुळे साधनाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे ०.००४ किंवा त्याहून बारीक हवा. ०.०२ चा व्हर्नियर इथे बाद, ०.००१ चा डायल बोअर गेज लागेल. गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यातूनच येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर असेल तर आधी गेज आणि मोजण्याची पद्धत सुधारायची. मग कंट्रोल चार्टवर प्रोसेस स्थिर आहे ना ते बघायचं. त्यानंतर सीपी (मापांचा पसारा टॉलरन्समध्ये किती मावतो, तो आकडा) आणि सीपीके शेजारी ठेवायचे. सीपी चांगला आणि सीपीके १.३३ च्या खाली, तर मीन (मापांची सरासरी) सरकलाय, टूल वेअरचा ऑफसेट दिला, म्हणजे टूलच्या झिजेइतकी सेटिंग सरकवली, की जागेवर येईल. सीपीच कमी असेल तर ऑफसेटने काही होणार नाही. पसारा मोठा आहे, क्लॅम्पिंग, स्पिंडल, इन्सर्ट, कच्चा माल तपासावा लागेल.

हे बोलायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात खोलीतली हवा बदलते. ठरवून दाब देणारा इथे खुर्चीत पुढे सरकतो. तो मध्येच अडवून "ऑफसेट किती देशील?" असं विचारू लागला तर समजा, मुलाखत चांगली चालली आहे. आवाज तितकाच चढा असला तरी.

हेच अकाउंट्सला, स्टोअरला, वेल्डिंगला लागू आहे. अपमान हवेत असतो, उत्तर वस्तूवर आणायचं. जीएसटीचा प्रश्न असेल तर एक इनव्हॉइस धरा. स्टोअरचा असेल तर एक आयटम, त्याचा मिनिमम स्टॉक आणि तो येईपर्यंत लागणारे दिवस धरा. येत नसेल तर "हे मी केलेलं नाही, याच्या जवळचं अमुक केलं आहे" एवढंच. थापा मारायला गेलात की तिन्ही प्रकारचे साहेब तुमची सालं काढतात, आणि तेव्हा चूक त्यांची नसते.

टोमणे बसतात ते मात्र बहुतेक वेळा कामाबाहेरच्या गोष्टींवर, म्हणून त्यांची वाक्यं घरूनच घोटून जायची. गॅपवर: "वर्षभर घरी बसलास?" उत्तर तीन वाक्यांत. केव्हापासून केव्हापर्यंत, काय केलं, आता काय. निफाड-दिंडोरीच्या पोरांची गंमत अशी की ती द्राक्षबाग 'काही नाही, घरीच होतो' या शब्दांत उडवून लावतात. ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या खुड्यापर्यंत मजुरांची हजेरी, फवारणीचं वेळापत्रक आणि औषधांचा हिशेब सांभाळला असेल, तर तेच सांगा. सुपरवायझरच्या जागेला ते चालतं. एटीकेटीवर: "हो सर, दोन विषय राहिले होते, पुढच्या सेमिस्टरला निघाले." सर खवळोत, वाक्य वाढवायचं नाही. सारवासारव केली की त्या विषयाला पुन्हा तोंड फुटतं.

इंग्रजीवरून हिणवणं हा आपल्याकडचा खास प्रकार. मुलाखत इंग्रजीत सुरू होते, दोन मिनिटांत हिंदीवर येते आणि शिवी मराठीत पडते. तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर पहिली चार वाक्यं (नाव, शिक्षण, सध्याचं काम, चालवलेली मशीन) इंग्रजीत पक्की ठेवा आणि मग विचारा, "सर, प्रोसेस मराठीत सांगितली तर चालेल का?" शॉप फ्लोअरवरून वर आलेले साहेब सहसा नाही म्हणत नाहीत. 'तू' म्हणण्यावरून मात्र लढाई नको. पन्नाशीचा प्लँट हेड बावीस वर्षांच्या पोराला 'तू' म्हणतो, त्यात तो आपल्या पोरासारखंच बोलत असतो. तुम्ही 'सर'वर राहा.

आडनाव आणि गाव उकरून काढणारे भेटतात. "हे आडनाव कुठलं म्हणे?" रोख कशावर आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. गावाचं नाव, तालुका आणि लगेच येण्याजाण्याची सोय: "चांदवड तालुका, सर. सध्या पाथर्डी फाट्याला राहतो, फर्स्ट शिफ्टला वेळेत पोचतो." मुलींना लग्नाचं, मुलाबाळांचं विचारतात. त्यालाही कामाच्या बाजूने उत्तर देता येतं: "शिफ्टची अडचण नाही सर, कंपनीची बस कुठल्या पॉइंटपर्यंत येते?" एकदा टाळूनही तेच पुन्हा विचारलं तर सरळ म्हणावं, "हे कामाशी संबंधित वाटत नाही, पुढचा प्रश्न घेऊ या का?"

पगारावरचा टोमणाही ठरलेला. "एवढा पगार नाशिकमध्ये कोण देतं? पुण्याला जा." इथे भावना नको, आकडा हवा. ३.६० लाख सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) म्हणजे महिना ३०,००० दिसतात. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असेल तर १५,००० वर १२ टक्क्यांनी १,८०० गेले, तुमच्या वाट्याचे आणखी १,८००, प्रोफेशनल टॅक्सचे २००. हातात उरले २६,२००, आणि ग्रॅच्युइटी, बोनस, विमाही त्यातच बसवले असतील तर आणखी कमी. म्हणून "मला हातात अमुक हवेत, सध्या अमुक मिळतात" असं बोला. सीटीसीवर भांडणाऱ्याला साहेब सहज गुंडाळतो, हातात पडणाऱ्या रकमेवर बोलणाऱ्याला गुंडाळता येत नाही.

सरकारी नोकरीच्या मागे असलेल्यांसाठी जाता जाता: केंद्र सरकारने गट क आणि अराजपत्रित गट ब पदांसाठीची मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून काढून टाकली आहे. तिथे हा जाचच नाही.

उठून कधी यायचं? शिवी दिली, आई-बापावर, जातीवर, शरीरावर बोलला, कागद फेकले, किंवा मूळ मार्कशीट ठेवून घ्यायला, पैसे भरायला सांगितले, तर थांबायचं कारण नाही. उठायची एक रीत मात्र आहे. आधी फाइल गोळा करा, मूळ कागद मोजा, मग उभं राहून "वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, मला पुढे जायचं नाही" म्हणा. पाठोपाठ व्हिजिटर पास पुढे करा, सही घ्या. पुष्कळ कारखान्यांत भेटलेल्या माणसाची सही नसेल तर वॉचमन गेटबाहेर सोडत नाही, आणि तावातावाने दार आपटून बाहेर पडलेला उमेदवार दहा मिनिटांनी त्याच साहेबाच्या दारात सहीसाठी उभा असतो. साहेबाकडून नको वाटत असेल तर एचआरकडून सही घ्या.

आवाज न चढवण्याचं आणखी एक कारण नाशिकपुरतं आहे. इथले कारखाने मोजक्याच मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवतात आणि माणसं याच पट्ट्यात फिरत राहतात. आज सातपूरला खेकसणारा क्वालिटी हेड दोन वर्षांनी अंबडला तुमच्याच कंपनीत येतो, नाहीतर कस्टमरकडून ऑडिटला येतो.

गैरवर्तन लैंगिक स्वरूपाचं असेल तर मामला वेगळा. २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे मुलाखतीला गेलेल्या मुलीलाही तक्रार करता येते. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान युनिट असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

म्हणून बाहेर पडल्यावर मित्राला फोन लावण्याआधी टपरीवर बसून लिहून काढा: तारीख, आत गेल्याची वेळ, खोलीत कोण कोण होतं, कोणतं वाक्य जसंच्या तसं बोललं गेलं. संध्याकाळपर्यंत शब्द बदलतात. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर त्यांनाही त्याच दिवशी सांगा, उद्या ते दुसऱ्या कुणाला तिथेच पाठवणार असतात. कंपनीच्या एचआरला मेल करायचा तर चार ओळींचा: "आज ११.४० ते १२.०५ या वेळेत क्वालिटी इंजिनिअर पदासाठी माझी मुलाखत झाली. त्या दरम्यान पुढील वाक्यं बोलली गेली. ती मला आक्षेपार्ह वाटतात. कृपया नोंद घ्यावी." विशेषणं नकोत. सोशल मीडियावर नावानिशी टाकण्याची घाई तर नकोच.

आणि कधी कधी इतकं खेकसूनही दोन दिवसांनी एचआरचा फोन येतो, "सिलेक्शन झालंय." लगेच हो म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: रिपोर्टिंग त्याच साहेबांना आहे का, ही जागा रिकामी का झाली, आणि जॉइन होण्याआधी शॉप फ्लोअर बघता येईल का. फ्लोअर दाखवला तर शिफ्ट बदलायच्या वेळेला जा. पहिली शिफ्ट सुटताना माणसं साहेबाच्या केबिनवरून कशी जातात, कुणी आत डोकावून काही सांगतं का, की सगळे लांबून वळसा घालतात, ते बघून घ्या. रिपोर्टिंग त्यांनाच असेल आणि वर्षभरात त्या जागेवरून दोन-तीन जण गेले असतील, तर नोटीस पीरियड आणि बाँडची अट लेखी आल्याशिवाय आधीच्या कंपनीत राजीनामा टाकू नका.