गुब्बिओ ते असिसी : एका वस्त्राच्या वाटेने

वसईत वाढलेल्या आमच्यासारख्यांना असिसीकर संत फ्रान्सिस परके नाहीत. त्यांनी स्थापलेल्या फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मबंधूंच्या चर्चचे भग्नावशेष आजही वसईच्या किल्ल्यात उभे आहेत. आमचे संत गोन्सालो गार्सिया जपानमधला व्यापार सोडून मनिला येथे याच संघाचे बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मरण पावले. म्हणूनच इटलीतल्या उंब्रिया प्रांतात पायी तीर्थयात्रा करायची असे ठरले, तेव्हा मी गुब्बिओ ते असिसी हा सुमारे पन्नास किलोमीटरांचा टप्पा निवडला.

हा रस्ता एका वस्त्राची गोष्ट सांगतो. १२०६ च्या सुमारास कापडाचे श्रीमंत व्यापारी पिएत्रो बेर्नार्दोने यांच्या मुलाने, म्हणजे फ्रान्सिस यांनी, असिसीच्या बिशपांसमोर अंगावरचे सगळे कपडे उतरवून वडिलांच्या हाती दिले आणि यापुढे आपण फक्त स्वर्गातील बापालाच बाप म्हणू, असे जाहीर केले. त्यानंतर ते बर्फातून गुब्बिओकडे निघाले. वाटेत चोरांनी अडवून ‘तू कोण?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी ‘मी थोर राजाचा भालदार आहे’ असे उत्तर दिले. चोरांनी त्यांना बर्फाने भरलेल्या खड्ड्यात ढकलून दिले. पुढे एका मठाच्या स्वयंपाकघरात काही दिवस राबून ते गुब्बिओला पोहोचले आणि तिथे स्पादालोंगा घराण्यातल्या मित्राने त्यांना अंगात घालायला एक साधा झगा दिला. त्या घराच्या जागी आज संत फ्रान्सिस यांचे चर्च उभे आहे. माझी वाट तिथूनच, पण उलट दिशेने, सुरू होणार होती.

निघण्याआधी मी १५ मेचा ‘चेरी’ उत्सव पाहिला आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. संत उबाल्दो हे गुब्बिओचे बाराव्या शतकातले बिशप आणि नगराचे पाठीराखे. त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येकी सुमारे तीनशे किलो वजनाचे तीन उंच लाकडी स्तंभ खांद्यावर घेऊन गावकरी अरुंद गल्ल्यांतून धावत इंजिनो डोंगरावरच्या बॅसिलिकापर्यंत, म्हणजे मानाच्या मोठ्या चर्चपर्यंत, जातात. स्तंभांच्या टोकांवर संत उबाल्दो, संत जॉर्ज आणि संत अंतोनी यांच्या मूर्ती असतात, आणि वाहणाऱ्यांचे सदरे अनुक्रमे पिवळे, निळे व काळे असतात. सकाळी चौकात स्तंभ उभे करताना त्यांवर चिनीमातीच्या सुरईतले पाणी ओततात आणि मग ती सुरई गर्दीत भिरकावून देतात. ती फुटताच तिचे तुकडे मिळवायला माणसे झेपावतात, कारण तो तुकडा घरात असणे शुभ मानतात. माझ्या शेजारच्या आजोबांच्या मुठीत अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा आला. त्यांनी तो रुमालात चार घड्या घालून बांधला आणि आतल्या खिशात ठेवला.

संध्याकाळी धाव सुरू झाली. या धावेत कोणी कोणाला मागे टाकत नाही. उबाल्दो नेहमी पहिले, मग जॉर्ज, मग अंतोनी. तरीही प्रत्येक जण जिवाच्या आकांताने धावतो, खांदेकरी धावता धावताच बदलतात आणि स्तंभ जरासा कलला तरी गर्दीचा श्वास अडकतो. आपल्या पालखी सोहळ्यातही दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे क्रमांक आधीच ठरलेला असताना एवढे कशासाठी धावायचे, हा प्रश्न मला पडला नाही.

सतरा तारखेला पहाटे तीर्थयात्रीच्या पत्रकावर पहिला शिक्का घेऊन मी निघालो. दुपारच्या शिदोरीला गरम तव्यावर भाजलेली ‘क्रेशा’ नावाची जाड पोळी आणि थोडे चीज होते. पहिला दिवस शेतांतून आणि ओकच्या रानातून चढउतार करण्यात गेला. पिवळ्या-निळ्या खुणा वाट चुकू देत नाहीत. सान पिएत्रो इन विन्येतो हा जुना आश्रम लांबून गढीसारखा दिसतो. यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या जागेला तटबंदी का लागावी, याचे उत्तर चोरांच्या त्या गोष्टीतच आहे. समोरून येणारे यात्रेकरू ‘पाचे ए बेने’, म्हणजे ‘शांती आणि कल्याण’, असे म्हणत. दुसऱ्या दिवशी पावसाने चिकणमाती बुटांना धरून बसली आणि वाल्फाब्रिका गाठेपर्यंत माझे पाय भरून आले.

तिसऱ्या दिवशी एका टेकडीवरून असिसीची बॅसिलिका अचानक समोर आली, सुबासिओ डोंगराच्या उतारावर लांबलचक कमानींवर उभी असलेली. ती जागा पूर्वी गुन्हेगारांना देहदंड देण्याची होती, असे सांगतात. १२२८ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या बॅसिलिकाच्या वरच्या भागात संतांच्या जीवनावरची २८ भित्तिचित्रे आहेत. परंपरा ती जोत्तो या चित्रकाराची मानते. वडिलांना कपडे परत देण्याचा प्रसंगही त्यांत आहे. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इथले छत कोसळून चार जण मरण पावले होते. मी मान वर करून छताकडे पाहिले, तेव्हा तेच आधी आठवले.

खालच्या भागात, काचेआड, संतांचा झगा ठेवला आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. जाडाभरडा, राखी रंगाचा, आणि ठिगळे इतकी की मूळ कापड कोणते आणि जोड कोणती हे नजरेला ठरवता येत नाही. काही टाके अगदी मोठे आणि वाकडेतिकडे आहेत. कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाने हे वस्त्र अंगावर वागवले, आणि त्याच संघाचा झगा घालून जपानमधला आमचा वसईचा व्यापारी पुढे क्रुसावर चढला, या विचाराने माझे डोळे भरून आले.

शेवटचे चार किलोमीटर उतरणीचे होते. खाली सांता मारिया देल्यी आंजेली या विशाल बॅसिलिकाच्या पोटात पोर्त्सिउन्कोला हे आपल्याकडच्या एखाद्या खोलीएवढे चिमुकले चर्च आहे. त्याच्यापासून काही पावलांवर, ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी, फ्रान्सिस यांनी आपल्याला उघड्या अंगाने जमिनीवर ठेवायला सांगितले आणि प्राण सोडला. तिथे गुडघे टेकून मी मराठीतून प्रार्थना सुरू केली : ‘हे आमच्या स्वर्गातील बापा...’