पात्याखालचा हात

अकरा वर्षांची होते तेव्हा मामांनी मला पहिल्यांदा तलवारींच्या पेटीत बसवलं. पेटी बाहेरून लालभडक ऑइलपेंटची, आत नुसतं प्लायवूड आणि वॉर्निशचा वास. खानापूर, नंदगड, संकेश्वर, निपाणी, जिथे जत्रा असेल तिथे आम्ही टेम्पोतून जायचो. मामा एकेक तलवार लोकांच्या हातात द्यायचे, फरशीवर आपटून तिचा आवाज ऐकवायचे आणि मग पेटीत खुपसायचे. अशा नऊ तलवारी. प्रत्येक तलवारीआधी ते बोटातल्या अंगठीने पेटीवर दोनदा टकटक करायचे आणि मी आतून बोटाच्या पेराने एकदा उत्तर द्यायचे. उत्तर आलं नाही तर तलवार आत जायची नाही. सात वर्षांत दोनदा मी उत्तर दिलं नाही. एकदा पायात गोळा आला होता, एकदा काहीच कारण नव्हतं, नुसती घाबरले होते. दोन्ही वेळा मामा थांबले. लोकांशी काहीबाही बोलत राहिले आणि थोड्या वेळाने पुन्हा टकटक केलं.

ही टकटक लोकांना कधीच ऐकू आली नाही. ढोल वाजत असायचा.

मामांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी पेटी विकली आणि मनगटाचा सापळा मला दिला. परदेशात शिरच्छेदासाठी असायच्या त्या गिलोटिनसारखी दोन खांबांची लाकडी चौकट, मध्ये हात घालायला मोठं भोक, त्याखाली एक लहान भोक आणि वरून सुटणारं पातं. बाहेरचे जादूगार लहान भोकात गाजर घालतात. मामा ऊस घालायचे. आपल्याकडे उसाचं कांडं तोडायला कोयत्याचा घाव किती जोरात लागतो ते पोराटोरांनाही माहीत, त्यामुळे खाड्‌कन कांडं तुटलं की अख्खा मांडव गप्प होतो. मग मनगट आत. पातं खाली येतं, ऊस तुटतो, हात तसाच राहतो. तो कसा राहतो ते मी इथे लिहिणार नाही, तो मामांचा ठेवा आहे.

पहिला प्रयोग मी बेळगावच्या शहापुरातल्या एका गल्लीत केला, गणपतीच्या पाचव्या रात्री. मामांचं बोलणं मला तोंडपाठ होतं आणि त्यात मी माझं आणखी घातलं होतं. काळा पोशाख, स्पीकरवर धडधडणारं संगीत, पात्याला लावलेलं लाल कुंकू, आधी एक लिंबू कापणं, आणि ‘आज रक्त सांडणार की नाही ते देवालाच ठाऊक’ असलं वाक्य. पुढच्या रांगेत बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला मी हाताला धरून वर घेतलं. त्याला विचारलं नाही. जादूगार असंच बोलावतात, असं मी लहानपणापासून पाहिलं होतं.

ऊस तुटला तेव्हा लोक ‘अरारा’ म्हणाले आणि मला वाटलं, जमलं. मुलाचा हात भोकात घालून वरची पट्टी खाली केली. तो रडला नाही, ओरडला नाही. त्याची बोटं पांढरी पडली आणि तो माझ्याकडे न बघता पात्याकडे बघत राहिला. मी संगीत वाढवायची खूण केली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी थेट स्टेजवर चढली. ‘सोड की गं त्याला! पोर मरतंय की भीतीनं!’ मी पट्टी वर केली. मुलाने हात बाहेर काढला, पोटाशी धरला आणि तसाच आजीच्या लुगड्यात शिरला. प्रयोग तिथेच संपला. मंडळाच्या पोरांनी बिदागीचं पाकीट पूर्ण दिलं, एक शब्दही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

पुढचे कितीतरी दिवस मला ती पांढरी बोटं दिसत होती. मी स्वतः सात वर्षं पेटीत बसलेली बाई, आत बसलेल्याला काय होतं ते माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? पण मला मामांनी टकटक दिली होती. मी त्या मुलाला काहीच दिलं नव्हतं.

मामा मला बंगालच्या जादूगार सोरकारांची गोष्ट नेहमी सांगायचे. ९ एप्रिल १९५६ रोजी लंडनमध्ये, बीबीसी टीव्हीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात, पी. सी. सोरकार यांनी टेबलावर झोपवलेल्या मुलीला फिरत्या करवतीने मधोमध कापलं. मग तिला उठवायला गेले तर ती उठेना. तेवढ्यात निवेदक पुढे आला आणि कार्यक्रम संपला. मुलगी खरोखर मेली असं समजून लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. मामांच्या लेखी ही सोरकारांच्या थोरवीची गोष्ट होती आणि ती आहेच, त्या एका रात्रीने त्यांचं नाव तिकडे घरोघरी झालं. पण शहापूरनंतर मला त्यातलं दुसरंच दिसायला लागलं. घरी बसलेल्यांना मुलगी उठलेली दिसलीच नाही. भीती त्यांच्याकडेच राहिली. माझ्या मांडवातल्या मुलालाही मी भीती देऊन घरी पाठवलं होतं, हात शाबूत असूनसुद्धा.

आणखी एक खटकायचं. १७ जानेवारी १९२१ रोजी पी. टी. सेल्बिट यांनी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये पेटीतल्या बाईला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. तेव्हापासून कापून घ्यायचं काम बहुतेक बाईकडे आणि कापायचं पुरुषाकडे. मी पातं हातात घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की एवढ्यानेच काहीतरी बदललं. काही बदललं नव्हतं. मी मामांचाच आवाज काढत होते.

मग आधी सापळाच उघडला. मी उद्यमबागमधल्या एका लहान मशीन शॉपमध्ये हिशेब बघते. तिथल्या टर्नर काकांनी चौकट टेबलावर आडवी ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टीच्या बिजागरीचा स्क्रू दोन बोटांनी हलवला. तो हलला! लाकडातलं भोक सैल झालं होतं. ‘हे किती वर्षांचं?’ ‘तीस तरी असतील.’ काका गप्प बसले. मला पोटात खड्डा पडला. १९१८ साली चुंग लिंग सू नावाने खेळ करणारे विल्यम रॉबिन्सन लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात खरीच गोळी लागून गेले. बंदूक वर्षानुवर्षं वापरून झिजली होती आणि दारू जायला नको तिथे झिरपली होती. अगदी अलीकडे, २०१९ च्या जूनमध्ये, कोलकात्यात साखळदंडांनी बांधून हुगळीत उतरलेला एक जादूगार वर आलाच नाही. ‘जिवाचा खेळ’ हे शब्द माईकवर म्हणायचे असतात, वस्तूत शिरू द्यायचे नसतात.

काकांनी लाकडी स्क्रू काढून टाकले. आरपार नट-बोल्ट आणि पितळी बुश बसवले, खाचा सरळ केल्या. मग मी मनगटाएवढ्या जाडीचा दुधी मोठ्या भोकात घालून पातं सोडायला लागले. दुधीच्या सालीवर नखाचा ओरखडासुद्धा दिसतो, म्हणून दुधी. दोनशे वेळा पातं सोडलं, दर वेळी साल उजेडात फिरवून बघितली आणि वहीत रेघ मारली. त्यानंतर माझा स्वतःचा हात. आजही प्रत्येक प्रयोगाआधी बोल्ट, बुश, खाच, दुधी, माझा हात असाच क्रम असतो आणि तेवढा वेळ घरचं कुणी माझ्याशी बोलत नाही.

वस्तू झाली, सादरीकरण राहिलं. कुंकू आणि लिंबू मी काढून टाकलं. आपल्या भागात भानामतीच्या नावाने लोकांना किती नाडलं गेलंय ते मी जत्रांमधून डोळ्यांनी बघितलंय. महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, पण कायदा नसता तरी मी ते काढलंच असतं. आता पहिलंच वाक्य असतं : ‘ही हातचलाखी आहे, यात मंत्र नाही, देव नाही, भूत नाही.’ मामांना वाटलं होतं, याने भीती निघून जाईल. ती जात नाही. पातं दिसतंय, ऊस तुटलेला दिसतोय, याहून जास्त काही लागत नाही. संगीतही काढलं.

तालमी आमच्या वडगावच्या घरी, मागच्या सोप्यात. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘तू त्या पात्याकडंच बघतेस. मग मी पण तिकडंच बघते. हात घातलेल्या माणसाकडं कुणीच बघत नाही की.’ एवढं एकच वाक्य, पण माझा सगळा प्रयोग त्याने उलटा झाला. जादूगार जिथे बघतो तिथे लोक बघतात, हा तर आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि मी तो फक्त लपवण्यासाठी वापरत होते. आता मी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघते. तो घाबरला तर मला दिसतं, आणि लोकांनाही दिसतं की मला दिसलंय.

भाषेचं म्हणाल तर बेळगावच्या मांडवात एका रांगेत मराठी आणि कानडी दोन्ही बसलेले असतात. पूर्वी मी मराठीतून बोलून मोकळी व्हायचे. आता धोक्याची प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत देते. नको म्हणायचा हक्क आपल्या भाषेत मिळाला पाहिजे. ‘हेदरब्याड’, म्हणजे घाबरू नको, एवढ्या एका शब्दाने कानडी माणसाचे खांदे खाली येताना मी पाहिलेत.

आणि टकटक मी लपवायची सोडून दिली. तीच प्रयोगाचा गाभा केली. मुलांना आता वर बोलावत नाही, फक्त मोठी माणसं, हात वर करून स्वतःहून येणारी. त्यांना सर्वांसमोर सांगते : ‘मी चौकटीवर दोनदा वाजवीन. तुम्ही मोकळ्या हाताने एकदा वाजवलंत तरच पातं सुटेल. नाही वाजवलंत तर नाही सुटणार, आणि कुणी हसणार नाही.’

महिला मंडळाच्या एका हळदीकुंकवाला छोटा प्रयोग केला, तो ठीक झाला. खरी परीक्षा झाली ती खानापूर तालुक्यातल्या एका गावात, लक्ष्मीच्या यात्रेत. समोर हजारभर माणूस, मागे पाळण्यांचा गोंगाट. मी विचारलं, कोण येतंय? पोरं एकमेकांना ढकलत होती. तेवढ्यात पन्नाशीच्या एक मावशी पदर खोचून सरळ वर आल्या.

उजव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या.

याचा विचार मी केलाच नव्हता. दुधीला बांगड्या नसतात. काचेच्या बांगड्या भोकात जाऊ देणं शक्य नव्हतं आणि सवाष्णीला बांगड्या उतरवा म्हणणं त्याहून शक्य नव्हतं. मामा बायकांना वर का घेत नसत, ते मला तिथे कळलं. मी मावशींना हळूच विचारलं, ‘वर सरकवू का? काढायला नको.’ त्यांनी मान हलवली. मी एकेक बांगडी दंडाकडे सरकवली, पण हात कामाचा, वाळलेला, बांगड्या पुन्हा खाली यायच्या. शेवटी माझा रुमाल त्यांच्यावरून दोन वेढे घेऊन बांधला. या सगळ्याला चांगली दोन मिनिटं लागली आणि त्या दोन मिनिटांत मांडवातलं कुणीही हललं नाही. बायका माना उंचावून रुमालाची गाठ बघत होत्या.

ऊस तोडला. नवं कांडं घातलं. त्यांचा हात आत, पट्टी खाली. मनगटाला माझी बोटं लागली तेव्हा नाडी जोरात उडत होती.

मी अंगठीने वाजवलं. टक, टक.

मावशींनी वाजवलं नाही.

पाळण्याचा भोंगा ऐकू येत होता. मागून एक पोरगा ओरडला, ‘सोड की!’ आणि त्याला बाजूच्यांनीच गप्प केलं. मी दोरीवरचा हात काढून सगळ्यांना दिसेल असा बाजूला धरला आणि पट्टी उचलली. ‘काढा हात मावशी, बसा हवं तर.’ त्यांनी हात काढला नाही. बोटं एकदा मिटली, उघडली. मग स्वतःच म्हणाल्या, ‘थांब जरा. श्वास घेऊ दे.’

आम्ही सगळे थांबलो. मी पुन्हा पट्टी खाली केली. पुन्हा टक, टक. यावेळी त्यांनी डाव्या हाताच्या मुठीने चौकटीवर असा ठोसा मारला की बोल्ट वाजले. मी दोरी सोडली.

ऊस तुटून खाली पडला. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, त्यांनी डोळे मिटलेच नव्हते. पट्टी उचलली, त्यांनी हात बाहेर घेतला, उंच केला आणि पाची बोटं हलवून दाखवली, आधी पुरुषांच्या बाजूला, मग बायकांच्या. मी रुमालाची गाठ सोडली. बांगड्या खळ्‌कन मनगटावर आल्या आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

मी त्यांना हात धरून पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वळल्या. ‘माझा ऊस दे की.’ मी तुटलेलं कांडं पुसून दिलं. जागेवर जाऊन बसेपर्यंत त्यांनी ते दातांनी सोलायला घेतलं होतं आणि शेजारणीला सांगत होत्या, ‘थांब म्हटलं तर थांबली गं ती.’