तुम्ही विचारलंत म्हणून: माल्टाकडे स्वतःचं काय उरलं?

मालवण-वेंगुर्ल्याकडे युरोपीय संघाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: एवढासा माल्टा त्या संघात गेला, मग त्याच्या हातात राहिलं काय? प्रश्न रास्त आहे. भूमध्य समुद्रातला हा बेटांचा देश 316 चौरस किलोमीटरचा. आपला सिंधुदुर्ग त्याच्या सोळापट.

मासेमारीपासून सांगतो. संघाच्या सामाईक धोरणात किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडचं पाणी साधारणपणे सगळ्या सदस्यांच्या नौकांना खुलं असतं. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आपल्या रापणकरांना मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या पर्ससीनवाल्यांची जी धास्ती, तीच माल्टाच्या लहान मच्छीमारांना इटलीच्या ट्रॉलरची होती. म्हणून 2004 मध्ये सदस्य होताना माल्टाने 25 मैलांचा पट्टा राखून घेतला. 'फक्त आमच्याच नौका' अशी अट संघात चालली नसती, तो भेदभाव ठरतो. म्हणून अट नौकेच्या लांबीची घातली: मोजके अपवाद सोडता 12 मीटरपेक्षा लहान नौकांनाच तिथे परवानगी, आणि कारण मत्स्यसाठा टिकवण्याचं. इटलीचं सिसिली बेट 90 किलोमीटरवर. एवढ्या लहान नौकेला तिथून रोज ये-जा करणं अवघडच.

जमिनीचंही तसंच. माल्टात किमान पाच वर्षं न राहिलेल्या युरोपीय नागरिकावर दुसरं घर घेताना निर्बंध ठेवायची मुभा प्रवेशकराराच्या प्रोटोकॉलमध्येच आहे, आणि तिला मुदत नाही. कोकणातल्या जमिनी कशा विकल्या जातात हे पाहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

हे सगळं सहीआधी पदरात पाडून घेतलेलं. आत गेल्यावर एवढी घासाघीस करता येत नाही. सदस्य देशांचे मंत्री जिथे मतं देतात त्या संघाच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक कायद्यांना 27 पैकी 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या पाठीशी लागते. ठराव अडवायचा तर बहुधा किमान चार देश आणि 35 टक्क्यांहून जास्त लोकसंख्या जमवावी लागते. त्यात माल्टाची भर नगण्य. संघाच्या संसदेत मात्र 720 पैकी 6 जागा आहेत, ज्या निव्वळ लोकसंख्येवर कधीच मिळाल्या नसत्या. खरं बळ करांच्या बाबतीत. तिथे एकमत लागतं, आणि माल्टाचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच जड.

तरी राखलेल्या गोष्टीलाही हद्द आहे. नागरिकत्व कोणाला द्यावं हा देशाचा अधिकार. पण पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची माल्टाची योजना संघाच्या न्यायालयाने 29 एप्रिल 2025 ला बेकायदा ठरवली. माल्टाचा पासपोर्ट 27ही देशांत राहण्या-कमावण्याचा हक्क देतो, त्यामुळे निकाल मला पटतो.

आइसलंडने उलट केलं. तो संघाबाहेर राहिला, मासळी पूर्णपणे स्वतःकडे ठेवली. पण 1994 पासून सामाईक बाजाराचे नियम पाळतो आणि ते ठरवताना त्याला मत नाही. माल्टाने तसं करावं असं मला वाटत नाही. त्याची मासेमारी मताचा हक्क सोडून देण्याइतकी मोठी नाही.