पंखा बंद करून वाचलेलं पुस्तक

कॉलेजपासूनचे आम्ही आठ जण. व्हॉट्सॲप ग्रुप होता पण त्यावर फॉरवर्ड आणि वाढदिवसाचे फुगे, बाकी शांतता. वर्षातून एकदा भेटायचो, तेच जुने किस्से उगाळायचो, आणि घरी येताना लक्षात यायचं की अरे, हा हल्ली बरा आहे ना एवढंही विचारायचं राहिलं.

मग आमच्यातल्या एकीने सहज सांगितलं की ओळखीतल्या एका अंध विद्यार्थ्याला अर्थशास्त्राचं पुस्तक ऑडिओमध्ये हवंय, परीक्षेला चार महिने आहेत. सगळ्यांनी लगेच अंगठे दिले. अंगठा द्यायला काय जातंय!

पहिला महिना पार फज्जा. 'ज्याला जमेल त्याने वाचा' असं ठरलेलं, म्हणजे दोघींनी वाचलं आणि बाकीच्यांनी वाट बघितली. त्यातली एक शेवटी भडकली, मी एकटीच वेडी आहे का असं लिहिलं तिने ग्रुपवर, आणि खरं सांगतो, तो मेसेज वाचून मी दोन दिवस गप्प बसलो. नंतर रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरबद्दल वाचलं, त्याचे दोरी ओढायचे प्रयोग १९१३ मध्ये छापून आले, माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला आणि आठ जणांत तो साधारण निम्म्यावर आला. नेमके आठ! वाचून हसूच आलं, पण मग तिला फोन करून सॉरी म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक धड्याला दोन नावं लावली. एक वाचणार, दुसरा समोर पुस्तक धरून ऐकणार आणि चुका काढणार, दर धड्याला जोडी बदलायची. फाइल अडकली तर जोडीदाराने मेसेज नाही, फोनच करायचा.

खरी मजा आकृत्यांत आली. मी सरळ 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' वाचून मोकळा, तर त्या मुलाचा व्हॉइस मेसेज, 'दादा, कुठल्या आकृतीत?' मग बसलो मी आणि त्या धड्याचा माझा जोडीदार कॉलवर, आडव्या अक्षावर नग, उभ्या अक्षावर किंमत, मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते, पुरवठ्याची वर चढते, आता दोन्ही जिथे छेदतात तिथे आपण थांबू... एका आलेखाला दीड तास, पंखा बंद, घामाघूम. रेकॉर्डिंग संपल्यावर मी पंखा लावायला उठलो तर जोडीदार म्हणाला, थांब जरा, बोलायचंय. सहा महिन्यांपासून त्याची नोकरी नव्हती. ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकत होता तो!

जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये मांडलंय की ओळखीचा माणूस जवळचा मित्र व्हायला दोनशेपेक्षा जास्त तास सोबत जावे लागतात. आमची मैत्री जुनीच, पण तिच्यात तास भरायचे राहून गेले होते बहुतेक.

एक जण मध्येच गळला, म्हणाला मला वाचायचा कंटाळा येतो. आधी राग आला, पण निदान खरं तरी बोलला, तोही अजून ग्रुपवर आहेच.

पुस्तक परीक्षेआधी तीन आठवडे पूर्ण झालं. मुलगा म्हणाला, तुम्ही फार हळू वाचता, मी दुप्पट स्पीडने ऐकतो. घ्या! आता त्याला सांख्यिकी पाहिजे, म्हणजे पानोपानी तक्ते. पहिला धडा मी वाचणार आणि चुका काढणार ती भडकलेली. तिचा फोन येऊन गेलाय दोनदा.