युद्धावर चिलखती गाडी फ्री

गेल्या मंगळवारी आमच्या इथल्या वाचनालयात पोलिसांची सभा होती. कॅलिफोर्नियात २०२१च्या एबी ४८१ कायद्याने पोलिसांना आपल्याकडच्या लष्करी सामानाची यादी दरवर्षी जाहीर करावी लागते, वर लोकांसमोर बसून उत्तरंही द्यावी लागतात. जेमतेम वीस डोकी, मागे कॉफीचा थर्मास. ड्रोन, अश्रुधूर, रायफली आणि गोळ्यांचा नेमका आकडा. पुढच्या रांगेतल्या आजींनी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "एवढ्या गोळ्या कुठे गेल्या?" साहेबांनी कागद चाळले. "सरावाला, मॅडम." आजींनी ते वहीत लिहून घेतलं.

फोनवर बाबांना हसत हसत हे सांगितलं, तर ते उखडले. "अगं, २६/११ला आपले पोलीस काठ्या आणि जुनाट थ्री-नॉट-थ्री घेऊन एके-४७समोर उभे होते. ओंबळ्यांच्या हातात तर नुसती लाठी. आणि तुम्ही गोळ्या कसल्या मोजताय?"

खरंय. इथेही १९९७ साली नॉर्थ हॉलिवूडमध्ये चिलखत चढवलेल्या दोन दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुलं फिकी पडली. शेवटी शेजारच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या.

पण गरज पडली म्हणून घेणं वेगळं आणि फुकट मिळतंय म्हणून घेणं वेगळं. लष्कराला नको झालेलं सामान '१०३३' नावाच्या योजनेतून पोलिसांना मिळतं. वाहतूक आणि देखभाल तेवढी आपली. इराक-अफगाणिस्तानात सुरुंगांपासून वाचायला बांधलेल्या एमरॅप गाड्या अशाच गावोगाव पोचल्या. लॉस एंजेलिसच्या शाळांच्या पोलिसांकडे तर तीन ग्रेनेड लाँचर होते. शाळेला! आणि मेख अशी, की आलेली वस्तू वर्षाच्या आत वापरात आणायची. साबणाच्या पुड्यावर फुकट आलेल्या बादलीला आई नाही का काहीतरी काम शोधून काढायची? एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेने २०१४मध्ये स्वाट, म्हणजे पोलिसांच्या खास सशस्त्र पथकांच्या आठशेवर मोहिमा तपासल्या. ओलीस, दडून बसलेला बंदूकधारी, असल्या प्रसंगांच्या शंभरात सातच निघाल्या. बहुतेक वेळा झडतीचं वॉरंट, तेही बरेचदा अमली पदार्थांचं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात निदर्शकांसमोर चिलखती गाड्या घेऊन उभ्या ठाकलेल्या पोलिसांची दृश्यं देशाने टीव्हीवर पाहिली. पोलिसांना काय काय देता येईल त्या यादीला ओबामांनी २०१५मध्ये कात्री लावली, ट्रम्पनी २०१७मध्ये ते निर्बंध उठवले, आणि तेव्हापासून सरकार बदललं की नियम बदलतात. म्हणून मला त्या आजींची वही जास्त भरवशाची वाटते.

आमच्या जवळच डेव्हिस आहे, विद्यापीठाचं, सायकलींचं गाव. तिथल्या पोलिसांनाही २०१४मध्ये सुमारे सात लाख डॉलरची एमरॅप मिळाली होती. लोक सभेत उठून बोलले, आणि नगरपरिषदेने पोलिसांना साठ दिवसांत ती घालवायला सांगितली.

"मग गेली कुठे?" बाबांनी विचारलं.

"वुडलंडच्या पोलिसांनी घेतली. पंधरा-वीस किलोमीटरवर."

बाबा खो-खो हसले. "म्हणजे बादली शेजारणीने नेली म्हण की!"