सांडव्यावरची भिंत

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळी कामांवर मराठवाड्यात गावोगाव जे तलाव झाले त्यांतलाच हा एक. माझ्या आईने त्याच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. त्याच्यामुळे विहिरींना पाणी राहते हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ओढ्याचा लोंढा तो काही काळ अडवून धरतो आणि सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेवरून, बेताने सोडतो, म्हणून खालची वस्ती सुरक्षित राहते, हे मला तो फुटता फुटता वाचला त्या रात्री कळले.

पाणी जास्त साठावे म्हणून गावानेच सांडव्यावर दोन फूट उंचीची दगडमातीची भिंत घातली होती. त्या रात्री पाण्याला वाट उरली नाही आणि ते बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले. मातीच्या बांधाला नेमके हेच सोसत नाही, कारण माथ्यावरून ओसंडणारे पाणी मागचा उतार खरवडत जाते. आम्ही टिकाव घेऊन ती भिंत फोडली, तोवर उताराला माणूस बसेल एवढी घळ पडली होती.

दुरुस्तीसाठी ग्रामसभेचा ठराव, अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता यांत चौदा महिने गेले. त्यातले निम्मे दिवस तलाव कोणाच्या अखत्यारीत आहे हे ठरवण्यातच गेले, कारण जुनी नोंद सापडत नव्हती. अखेर तलाठ्याकडील जुन्या फेरफारात जमीन पाझर तलावासाठी संपादित झाल्याचा उल्लेख मिळाला आणि फाइल पुढे सरकली.

कागदांपेक्षा अवघड ठरली ती ग्रामसभा. सांडवा मूळ पातळीवर ठेवला तर विहिरी लवकर आटतील, ही वरच्या शेतकऱ्यांची भीती खोटी नव्हती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, याची मी आठवण करून दिली. तरीही दोन सभा लागल्या. साठा वाढवायचा असेल तर गाळ काढून वाढवू, सांडव्याला हात लावायचा नाही, असे शेवटी ठरले.

प्रत्यक्ष कामावर मी रोज हजर होतो. भरावावरच्या बाभळी केवळ तोडल्या नाहीत, तर मुळांसकट खणून काढल्या, कारण कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढते. घळीत नुसती माती लोटून चालत नाही. जुन्या उतारावर पायऱ्या कापून, वीतभर जाडीचे थर टाकून, पाणी शिंपडून प्रत्येक थरावर रोलर फिरवला. गाभ्यात काळी माती आणि ती वाळून भेगाळू नये म्हणून बाहेरून मुरूम. अभियंता काळ्या मातीचा मुठीत गोळा करून दाबून पाहत असत. गोळा फुटला तर माती कोरडी आणि हाताला चिकटली तर ओली, असे सांगून त्यांनी दोन ट्रॅक्टर परत पाठवले. ठेकेदार नाराज झाला, पण मला ते योग्यच वाटले.

यंदा सांडवा तीनदा वाहिला. बांधाच्या पायथ्याशी थोडा पाझर आहे. ते पाणी मी काचेच्या पेल्यात धरून उजेडात पाहतो. ते गढूळ आले तर आतली माती वाहून जात आहे असे समजायचे, आणि आजवर ते नितळ आहे. पाण्याकडील उतारावरचे दगडी अस्तर उत्तरेच्या टोकाला अपुरे राहिले असून त्यासाठी नवा अर्ज दिला आहे.